मदतनिधीच्या कार्यक्रमात वाजवायचं ठरलं तर

मदतीसाठीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं की आपण कलाकार लगेच डायरी उघडून तारीख बघतो. तारीख नंतर बघा. आधी विचारा, पैसे कोणाला पोचणार आहेत आणि कार्यक्रमाचा खर्च कोण करणार आहे?

मी बडोद्यात दांडिया बाजारात तबला शिकवतो आणि गाण्याच्या साथीला बसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. त्यानंतर पूर आलेल्या वस्त्यांमधल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी एक कार्यक्रम झाला, त्यात मी वाजवलं. रुग्णांच्या औषधपाण्यासाठी झालेल्या कार्यक्रमांतही वाजवत आलो आहे. नव्याने असे कार्यक्रम करणाऱ्या वादक-गायकांसाठी हे लिहितो आहे.

संस्थेची चौकशी करायला संकोचू नका. चॅरिटी कमिशनरकडे नोंदणी आहे का, देणगीची पावती आयकराच्या सवलतीसाठी चालते का, एवढं विचारलं तर कुणी भला माणूस रागावत नाही. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर दात्याला ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमा चेकने किंवा बँकेतून घ्यायला सांगा. बडोद्यात डिसेंबरात परदेशातून पाहुणे येतात आणि मोकळ्या हाताने देतात. मात्र त्यांच्यापैकी कुणी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्यांचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. हे आयोजकांना आधी माहीत हवं. हॉलचं भाडं, ध्वनिव्यवस्था, छपाई यांचा भार एखाद्या प्रायोजकाने उचलला तर सगळ्यात चांगलं. मग तिकिटाचे सगळे पैसे कामाला लागतात आणि तसं तिकिटावर छापताही येतं.

आता मानधनाचं. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच. मुख्य कलाकार म्हणतो, "मी काही घेणार नाही," टाळ्या पडतात, आणि त्याच वाक्यात साथीदारांचंही मानधन बुडतं. संवादिनीवाला, तबलेवाला, मागे तानपुऱ्यावर बसलेली मुलगी यांना कुणी विचारलेलंच नसतं. गायकाला त्या संध्याकाळी नाव मिळतं, पुढची दोन बोलावणी मिळतात. साथीदाराच्या घरी मात्र तो त्या महिन्याच्या किराण्याचा प्रश्न असतो. दान करायचं ते स्वतःच्या खिशातलं करावं, शेजारी बसलेल्याच्या खिशातलं नाही.

म्हणून तुम्ही मुख्य कलाकार असाल तर आयोजकांना पहिल्याच फोनवर सांगा, "माझं राहू द्या, पण साथीदारांचं नेहमीचं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च धरा." साथीदाराला फोन करताना आधी रक्कम सांगा, कार्यक्रमाचं कारण नंतर. कारण आधी सांगितलं की त्याच्या तोंडून पैशाचा विषय निघतच नाही. चारचौघांत तर हा विषय काढूच नका. लोकांसमोर कोण नाही म्हणेल? आणि त्याने स्वतःहून, घरी विचार करून, "मलाही नको" म्हटलं, तर तो त्याचा मोठेपणा. निवेदनात त्याचंही नाव तुमच्या बरोबरीने यायला हवं.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे की मानधन बँकेत घ्यायचं आणि जमेल तेवढं देणगी म्हणून परत करून पावती घ्यायची. दोन्हीकडे लेखी राहतं. शिवाय संस्थेच्या हिशोबात कलाकाराचा खर्च दिसतो, त्यामुळे पुढच्या वर्षी कुणी "वाजवणारे तर फुकट येतात" असं धरून चालत नाही. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाचे पैसेही त्याच रात्री द्यायला लावा.

कारण चांगलं आहे, तेव्हा वाजवणं थोडं हलकं झालं तरी चालेल, हा विचार मनात आणू नका. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांचे मालक, दोघेही ऐन भरात. लोकांनी चढ्या दराने तिकिटं घेतली ती फंडासाठी, हे खरंच. पण तसं गाणं सहसा ऐकायला मिळत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीरावांचा आश्रय होता, त्यामुळे आमच्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की मदतीच्या कार्यक्रमालाही रियाज पूर्णच हवा.

कार्यक्रम आखताना मात्र श्रोता वेगळा आहे हे लक्षात ठेवा. सभागृहात अर्धे लोक गाण्यासाठी आलेले नसतात. ते संस्थेचे स्नेही असतात, डॉक्टर असतात, दात्यांचे शेजारी असतात. तुम्हाला चाळीस मिनिटं दिली असतील तर पंचवीस मिनिटांची तयारी करा, कारण भाषणं लांबतातच. विलंबित एकतालातला बडा ख्याल त्यात बसत नाही, आणि बसवला तर त्याचा जीव जातो. त्यापेक्षा संध्याकाळचा यमन किंवा पूरिया धनाश्री, मध्यलय झपतालात एक बंदिश, मग तीनतालात द्रुत आणि शेवटी एखादं पद. आमच्याकडे श्रोते मराठी-गुजराती मिसळलेले असतात. नाट्यपद झालं की पुढच्या रांगेतले आजोबा खूश होतात, पण मागच्या बेन मंडळींसाठी मीरेचं भजन हवं. ते दोन्हीकडच्यांना आपलं वाटतं. नरसिंह मेहतांच्या प्रभातियांची फर्माईश आली तर सकाळच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवा.

एकल तबला असेल तर पंधरा मिनिटं पुरतात. तीनतालात छोटा पेशकार (सुरुवातीची संथ मांडणी), एकच कायदा (ठरावीक बोलांचा विस्तार) नीट खुलवलेला, मग तुकडे आणि एक चक्रदार (तीनदा वाजवून समेवर येणारी रचना). वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणा. ज्यांनी कधी तबला ऐकलेला नाही तेही ही पढंत ऐकून सरसावून बसतात, आणि तिसऱ्या आवर्तनाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांचा हात मांडीवर आपोआप पडतो. हे मी नेहमी बघतो आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

अशा कार्यक्रमात एकामागून एक गायक येतात, त्यामुळे कोण कोणत्या पट्टीत गाणार ते आधी विचारून घ्या. काळी एकचा तबला काळी चारवर ओढायला जाल तर गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) हातोडी मारून हात दुखेल, वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) तुटेल आणि तबला तरीही सुरात येणार नाही. दोन तबले न्या. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं चामडं, ओल धरते आणि स्वर उतरतो. तोच तबला वातानुकूलित हॉलमध्ये सुकून चढतो. म्हणून वाद्य लवकर नेऊन मंचावर उघडं ठेवा, त्याला तिथल्या हवेची सवय होऊ द्या आणि लावणं सगळ्यात शेवटी करा. मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तानपुरा आणि गाणाऱ्याचा आवाज मागा, स्वतःचा तबला कमी.

तारखेबद्दल थोडक्यात : नवरात्रात बडोद्यात ध्वनिव्यवस्थावाला आणि ढोलक-तबलावाले मोकळे सापडणार नाहीत, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, लोक पतंग उडवायला गच्चीवर असतात, आणि गणपतीत आपली मराठी माणसं घरच्या आरत्या सोडून येत नाहीत. उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढायला सांगा आणि रात्री दहाच्या आत आटपा.

सत्कार आणि धनादेश देण्याचे फोटो दोन कलाकारांच्या मधल्या वेळात करा, हे निवेदकाशी आधीच ठरवा. राग रंगात असताना पाहुणे आले म्हणून गाणं थांबवणं, हा गाणाऱ्याचाही अपमान आणि ज्यांनी तिकीट काढलं त्यांचाही. मदतीचं आवाहन शेवटच्या गाण्याच्या आधी करायला लावा. तेव्हा लोक भरलेल्या मनाने बसलेले असतात आणि कुणाला पार्किंगची घाई नसते. क्यूआर कोडचं कार्ड प्रत्येक खुर्चीवर असू द्या. दानपेटी असेल तर ती दोघांनी मिळून मोजावी आणि कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात. कलाकाराने त्या पैशाला हात लावू नये, मंचावर टाकलेल्या नोटा असल्या तरी त्या थेट पेटीत जाव्यात.

एका गोष्टीवर मी अडून बसतो. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करतो त्यांना मंचावर आणून उभं करायचं नाही. एका कार्यक्रमात निवेदकाने एका लहान मुलीचं नाव, शाळा आणि आजार, सगळं माइकवरून सांगितलं. ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत जायचं होतं. तेव्हापासून मी बोलणं पक्कं करतानाच ही अट घालतो. किती वह्या लागतात, किती रुपयांत एका मुलाचं वर्ष निघतं, हे सांगा. लोक आकडा ऐकूनही देतात. मुलं आली तर इतरांसारखीच खुर्चीवर बसून गाणं ऐकू देत.

कार्यक्रम झाल्यावर महिन्याभरात संस्थेकडून हिशोब मागवा. तिकिटं किती गेली, देणगी किती आली, खर्च कशावर झाला, शिल्लक कुठे गेली. एका पानात मावतो. तो आला की साथीदारांना आणि ध्वनिव्यवस्थावाल्यालाही पाठवा, ती संध्याकाळ त्यांचीही होती. हिशोब आलाच नाही, तर दोनदा आठवण करा. तरी आला नाही, तर पुढच्या वर्षीच्या बोलावण्याला नम्रपणे नकार द्या, आणि तुमच्या शिष्यांना तिथून फोन आला तर त्यांना नकाराचं कारणही सांगा.