इन्स्टॉलेशन अडकलं? आधी लॉग वाचा आणि या चुका टाळा

ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना काही बिनसलं की मदत मागणाऱ्याचा पहिला निरोप ठरलेला: ‘होत नाहीये.’ सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात अर्धा एरर कापलेला. लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने पायरीपायरीने लिहून ठेवलेली नोंद, पाठवा म्हटलं की उत्तर येतं, ‘रीस्टार्ट केलं ना, आता कुठला लॉग?’

घात होतो तो इथेच. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून सुरू होत असला तरी त्याचे लॉग रॅममध्ये लिहिले जातात. पॉवरचं बटण दाबलं की सगळा पुरावा साफ. विंडोजमध्ये डिस्क निवडण्याआधीच्या टप्प्याचे लॉग एक्स ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, पँथर नावाच्या फोल्डरात असतात, आणि हा एक्स म्हणजे रॅमच. तेव्हा गाडी अडकली की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल, आणि तो अख्खा पँथर फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. नोटपॅडही तिथेच चालतं. लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी कंट्रोल-आल्ट-एफ२ ने शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळतं. डेबियनच्या इन्स्टॉलरच्या मेन्यूत तर डीबग लॉग सेव्ह करायचा पर्याय चक्क लिहून ठेवलाय. तो कोणी उघडत नाही, कारण तोपर्यंत माणूस रीस्टार्ट करून मोकळा झालेला असतो.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची: फक्त शेवटची ओळ वाचणं. शेवटच्या ओळीत परिणाम असतो, कारण बरंच वर असतं.

ओळखीतल्या एका मुलाचं लिनक्सचं इन्स्टॉलेशन फाइली कॉपी होताना दरवेळी पडत होतं. स्क्रीनवर ‘इनपुट-आउटपुट एरर’, आणि खाली सूचना: सीडी किंवा डीव्हीडी खराब असेल, नाहीतर हार्ड डिस्क. सीडी वापरतच नव्हता, म्हणून पठ्ठ्याने डिस्कला दोषी ठरवलं. फॉरमॅट केली, पुन्हा केली, मग नवी डिस्क आणून बसवली. एरर तोच. मग रॅम खराब आहे असं कोणीतरी सांगितलं, आणि तीही मागवायच्या बेतात असताना त्याचा फोन आला. शेलमध्ये जाऊन डीमेसेज ही लिनक्सचे आतले निरोप दाखवणारी कमांड चालवायला लावली आणि पहिला एरर सापडेपर्यंत वर जायला सांगितलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: आय-ओ एरर, डेव्ह एसडीबी, पुढे सेक्टरचा आकडा. त्याच्या खाली स्क्वॉशएफएसचे, म्हणजे इन्स्टॉलरच्या दाबून भरलेल्या फाइलींचे एरर, त्या उलगडताना फसल्याचे. मग एलएसबीएलके, म्हणजे जोडलेल्या डिस्कांची यादी. एसडीए ही त्याची कोरी करकरीत डिस्क, आणि एसडीबी म्हणजे ज्यावरून इन्स्टॉल चाललं होतं तो पेनड्राइव्ह! दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची डाउनलोड केलेली फाइल, लिहिली आणि काम झालं.

‘पण मी चेकसम तपासला होता,’ असं त्याचं म्हणणं. चेकसम म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे पडताळायचा आकडा. तपासला होताच, डाउनलोड केलेल्या फाइलचा. पेनड्राइव्हवर ती नीट उतरली का, हे त्यातून कळत नाही. फेडोराच्या बूट मेन्यूत मीडिया तपासायचा पर्याय असतो, त्याला थोडी मिनिटं लागतात, आणि घाईतला माणूस नेमका तोच वगळतो.

विंडोजसाठी माझी सवय अशी: सेटअप-एररच्या लॉगमध्ये एररची वेळ बघायची आणि तीच वेळ सेटअप-अ‍ॅक्टच्या मोठ्या लॉगमध्ये शोधून तिथून वर वाचत जायचं. एररचा लॉग एकटा वाचू नका. इन्स्टॉलेशन यशस्वी झालं तरी त्यात ओळी असतात. अपग्रेड उलटून जुनी विंडोज परत आली आणि कोड सी१९००१०१ ने सुरू होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्या. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे टूल असे लॉग स्वतः चाळून देतं. मी तरी आधी डोळ्यांनीच वाचतो.

लाल ओळ दिसली की घाबरणं हीसुद्धा चूकच. एसीपीआयचे (पॉवर आणि हार्डवेअरच्या व्यवस्थेचे) एरर नीट चालणाऱ्या लॅपटॉपवरही दिसतात.

काळा स्क्रीन आला की लिनक्सच्या बूट ओळीत नोमोडसेट (ग्राफिक्स साध्या मोडमध्ये ठेवणारा शब्द) लिहायचं आणि पुढे ते कायम तसंच ठेवायचं, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ते ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसेपर्यंतच.

रिलीज फाइल ‘अजून वैध नाही’ असं एपीटी, म्हणजे डेबियन-उबुंटूचं सॉफ्टवेअर उतरवणारं टूल, म्हणत असेल तर सर्व्हरला शिव्या देऊ नका, मशीनचं घड्याळ बघा.

डिस्कच दिसत नाही? नव्या इंटेल लॅपटॉपवर बहुतेकदा व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या स्टोरेज व्यवस्थेचा, ड्रायव्हर लागतो. डिस्क मेलेली नसते.

राहिला बूट मोड, म्हणजे मशीन जुन्या पद्धतीने सुरू होतं की नव्या यूईएफआय पद्धतीने. ‘डिस्कवर एमबीआर आहे, विंडोज फक्त जीपीटीवर बसेल’ असा निरोप आला (एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची जुनी आणि नवी पद्धत) की डिस्कपार्ट हे विंडोजचं डिस्कचं टूल उघडून थेट क्लीन मारणारे आहेत. त्या एका शब्दाने डिस्कवरची सगळी पार्टिशन जातात, फोटोंचंही. आधी मशीन सुरू होताना येणारा त्याचा स्वतःचा बूट मेन्यू बघा. तोच पेनड्राइव्ह तिथे अनेकदा दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. जुनी सिस्टिम ज्या मोडमध्ये होती तोच निवडला की हा निरोप येतच नाही. आणि क्लीन मारायचंच असेल, तर आधी लिस्ट डिस्क चालवून आकार वाचा. डिस्क ० म्हणजे आपलीच मुख्य डिस्क, हे गृहीत धरू नका.