जुन्या गाडीचं ऑइल नेमकं कुठून गळतंय?

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरखाली ऑइलचा डाग दिसला की चेंबरचं (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) पॅकिंग बदलायची घाई होते. पण ऑइल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि थेंब भलतीकडेच पडतो. आधी जागा शोधा, खर्च वाचेल.

१. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेलने बाहेरून स्वच्छ धुवा. कापडाने पुसून नीट वाळू द्या.
२. टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण), साइड कव्हर (बाजूचं झाकण), ऑइल फिल्टर आणि चेंबरच्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा.
३. १०-१५ मिनिटं गाडी चालवा, बंद करा, टॉर्चने बघा. पावडरीवर ओली काळपट रेघ दिसेल. तिचं सर्वांत वरचं टोक हीच गळती.

बहुतेक वेळा टॅपेट कव्हरच निघतं. तिथले नट जोरात आवळू नका. कॉर्कचं पॅकिंग चेपून फाटतं, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. कव्हर काढून कड सपाट करा, जुनं पॅकिंग खरवडा, नवं बसवून नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनमधला दाब बाहेर सोडणारी नळी, मात्र आधी तपासा. तो चोंदला असेल तर आतला दाब नवं पॅकिंगही टिकू देत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ऑइल आणखी पातळ होतं, तेव्हा २०डब्ल्यू-५० हा दाट ऑइलचा ग्रेडच बरा.

सावधान: रॉकेल पूर्ण उडाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. सायलेन्सर तापला की पेट घेऊ शकतं.