क्ले नेमबाजीसाठी लहान बोअरची बंदूक आणि तिचे काडतूस कसे निवडावे

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आजोबांनी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी, हीच मराठवाड्यातल्या अनेक घरांची बंदुकीशी पहिली ओळख असते. त्याच घरातल्या पुढच्या पिढीतले कोणी क्ले नेमबाजीकडे, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाकडे वळले, की दोन-तीन सरावांत खांदा काळानिळा पडतो आणि जाणती माणसे सांगतात, ‘वीस बोअर घ्या, हलकी असते.’ सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण अर्धाच खरा असतो. खांद्याला बसणारा धक्का बोअरच्या आकड्यावर ठरत नाही; बंदुकीचे वजन आणि काडतुसातल्या छऱ्यांचे वजन या दोहोंच्या मेळावर तो ठरतो. निवड करताना हा मेळ आधी पाहावा आणि बोअर नंतर ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोअरचा आकडा उलटा चालतो. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात, ती संख्या म्हणजे बोअर. त्यामुळे १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची, २० बोअरची १५.६ मिलिमीटरची आणि २८ बोअरची १४ मिलिमीटरची असते. ४१० मात्र या हिशेबात बसत नाही. तो नळीचा इंचातला व्यास (०.४१०) आहे, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर.

आता धक्क्याचा हिशेब पाहू. छरे आणि वेग तेच ठेवून बंदूक साडेतीन किलोऐवजी २.७ किलोची घेतली, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. बंदूक तीच ठेवून काडतूस २४ ग्रॅमऐवजी २८ ग्रॅमचे घातले, तरी वाढ साधारण तेवढीच होते. माझ्या भाचीसाठी मी पहिल्यांदा निवडलेल्या जोडीत या दोन्ही चुका एकदमच झाल्या होत्या: वीस बोअरची सडपातळ बंदूक आणि २८ ग्रॅमची काडतुसे. पंचवीस तबकड्यांची फेरी संपेपर्यंत ती चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागली होती. पुढच्या सरावाला प्रशिक्षकांनी तिच्या हाती साडेतीन किलोची बारा बोअर आणि २४ ग्रॅमची काडतुसे दिली, दस्ता तिच्या हाताच्या लांबीला जुळवून घेतला, आणि तिचे डोळे पुन्हा उघडे राहू लागले. दस्ता खूप लांब किंवा गालाशी न जुळणारा असेल, तर कोणतीही बोअर गालफडाला मार देते. म्हणून बंदूक बदलण्याआधी दस्ता तपासून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय नियमही याच बाजूचे आहेत. ऑलिंपिकच्या ट्रॅप (तबकडी नेमबाजापासून दूर उडत जाते) आणि स्कीट (तबकडी समोरून आडवी जाते) या प्रकारांत १२ बोअर ही कमाल मर्यादा आहे, लहान बोअर चालते, पण काडतुसात छरे २४ ग्रॅमपर्यंतच चालतात. म्हणजे जगातले उत्तम नेमबाज ज्याने तबकडी फोडतात, ते काडतूस मुळातच हलके आहे. म्हणून नवशिक्याने आधी पुरेशा वजनाची बारा बोअर आणि २४ ग्रॅमचे किंवा मिळाल्यास २१ ग्रॅमचे काडतूस वापरून पाहावे. वेगही सेकंदाला ३६० ते ३८० मीटरच्या आसपासचा घ्यावा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला जास्त वेग शिकणाऱ्याला उपयोगापेक्षा त्रासच देतो.

यानंतरही लहान बोअर घ्यायचीच असेल, तर वीस बोअर ही सर्वांत समंजस निवड आहे. ज्यांना साडेतीन किलोची बंदूक दिवसभर पेलवत नाही त्यांना ती मानवते, मात्र तीन किलोच्या आसपासची घ्यावी आणि २१ किंवा २४ ग्रॅमवरच थांबावे. अठ्ठावीस बोअर २१ ग्रॅमच्या काडतुसाने फार सुखद चालते आणि स्कीटच्या अंतरावर मुळीच कमी पडत नाही. अडचण काडतुसे मिळण्याची आणि त्यांच्या किमतीची आहे. ४१० मात्र शिकणाऱ्याच्या हाती देऊ नये. तिच्या स्कीटच्या काडतुसात १४ ग्रॅमच छरे असतात, धक्का नगण्य असतो, पण नेम थोडाही चुकला तर तबकडी अखंड निघून जाते आणि शिकणारा निराश होतो. अनुभवी हातांनी स्वतःची परीक्षा पाहण्यासाठी ती वापरावी.

छऱ्यांच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण निरनिराळ्या देशांत एकाच क्रमांकाचा व्यास वेगळा असतो. डब्यावरचा मिलिमीटरचा आकडा वाचावा. स्कीटमध्ये तबकडी वीसेक मीटरच्या आत फुटते, तिथे २ मिलिमीटरचा छरा योग्य. ट्रॅपमध्ये ती तीस मीटर किंवा त्याहून दूर गेलेली असते, तिथे २.३ ते २.४ मिलिमीटरचा घ्यावा. २.३ मिलिमीटरचे छरे २४ ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास बसतात, तर १४ ग्रॅममध्ये दोनशेच. बोअर लहान केल्याची खरी किंमत ही आहे: धक्का कमी झाला तरी छऱ्यांचा पसारा विरळ होतो.

तो पसारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. रेंजवर परवानगी घेऊन, तबकडी जिथे फोडायची त्या अंतरावर मोठा कागद ताणून लावावा, मध्यावर एकच बार करावा आणि छिद्रे जिथे दाट आहेत तिथे ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. मग ११ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापावी, कारण तबकडी तेवढीच असते, आणि ती वर्तुळात ठिकठिकाणी ठेवून तिच्याखाली किती छिद्रे झाकली जातात ते मोजावे. तीनपेक्षा कमी छिद्रांच्या जागा बऱ्याच सापडल्या, तर आधी चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला निमुळतेपणा, एक पायरी घट्ट करावा, नाहीतर बारीक छरा घ्यावा. ट्रॅपची तबकडी बरीचशी कडेनेच दिसते आणि तिची उंची अडीच सेंटिमीटरच असते, हे लक्षात ठेवून तिथे कसोटी अधिक कडक ठेवावी.

खरेदीआधी परवाना उघडून पाहावा. त्यावर जो बोअर लिहिला आहे त्याचीच बंदूक आणि त्याचीच काडतुसे मिळतात. वीस बोअर घ्यायची तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून, म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त यांच्याकडून, तशी नोंद करून घ्यावी लागते. काडतुसांची चौकशी त्याहूनही आधी करावी. आपल्याकडच्या दुकानांत बारा बोअरचाच माल असतो, असा माझा अनुभव आहे, आणि काडतुसांअभावी कपाटात पडून राहिलेली उत्तम बंदूक पाहून वाईट वाटते.

जुनी बंदूक असेल तर नळीवर ठोकलेली चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या खोबणीची, लांबी वाचावी: ६५, ७० की ७६ मिलिमीटर. काडतुसाची छापील लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५च्या चेंबरमध्ये सहज बसते आणि फसवते. बार होताना त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बंदुका असतील, तर वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत गेले की ते पुढे सरकून अडकते, चेंबर रिकामा दिसतो, माणूस मागून बाराचे काडतूस भरतो आणि नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. तरीही केवळ रंगावर भिस्त ठेवू नये: एका सरावाला एकाच बोअरची काडतुसे न्यावीत, घरी परतल्यावर खिसे आणि थैली रिकामी करून दोन्ही बोअर वेगवेगळ्या कुलपात ठेवावेत, आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत एकही काडतूस राहू देऊ नये.