गावी एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांसाठी: प्रांताकडे निर्वाहाचा अर्ज कसा करावा

मुलगा मुंबईला, आई-वडील गावी आणि महिन्याचे पैसे बंद झालेत, तर दिवाणी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, त्याखाली अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. गुहागरचा अर्ज चिपळूणला, लांज्याचा राजापूरला. मुलगा डोंबिवलीला असला तरी अर्ज तुमच्याच उपविभागात चालतो. "तिकडे मुंबईत लावा" असं कोणी सांगितलं, तर कलम 6 दाखवा.

अर्ज मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं यांच्याविरुद्ध होतो. सून-जावई व्याख्येत नाहीत. भांडण सुनेशी असलं तरी निर्वाहाच्या मागणीत तिचं नाव घालू नका, समोरच्याला आयता मुद्दा मिळतो. मूलबाळ नसलेल्या काकूचं वय 60 पूर्ण असेल, तर तिची आंब्याची कलमं ज्याच्या ताब्यात आहेत किंवा वारसाने ज्याला मिळणार आहेत तो पुतण्या जबाबदार. असे तिघं पुतणे असतील तर ज्याच्या वाट्याला जेवढं येणार, त्या प्रमाणात त्याने द्यायचं. आई-वडिलांना स्वतःला मात्र 60 ची अट नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालीही पोटगी मागता येते, पण दोन्हीकडे एकदम नाही. एकच वाट निवडायची.

अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत वयाचा पुरावा, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि असल्यास 7/12 व घराचा उतारा जोडा. खरा जोर लावायचा तो खर्चाच्या तक्त्यावर, आणि बहुतेक अर्ज तिथेच ढिले असतात. "मला काहीच मिळत नाही" या वाक्यावर रक्कम ठरत नाही. असं मांडा: औषधं 2,300, किराणा व गॅस 3,600, वीज व घरपट्टी 500, कामाला येणारी बाई 1,500, तपासणीला जायची रिक्षा 600. पावसाआधी कौलं परतायला वर्षाला 6,000 लागत असतील तर 12 ने भागून 500 धरा. झाले 9,000. श्रावणबाळ योजनेचे 1,500 मिळत असतील तर वजा करा आणि मागणी 7,500 लिहा. ही मिळकत लपवली आणि समोरच्याने उघडी केली, तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. वय 75 च्या वर असेल तर एसटीचं भाडं लावू नका, ते आता फुकट आहे. कमाल मर्यादा महिना 10,000.

त्याच अर्जात निकाल लागेपर्यंतचा अंतरिम निर्वाह मागा. कलम 5 त्याला परवानगी देतं, पण मागितल्याशिवाय तो सहसा कोणी देत नाही.

आता पत्ता. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर 30 दिवस वाढवून. पण नोटीसच "सदर पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली तर हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. इमारत, विंग, खोली क्रमांक, पिनकोड, मोबाइल, कामाचं ठिकाण, सगळं लिहा. शिवाय गावचा पत्ताही द्या. जो वर्षभर सापडत नाही, तो गणपतीत घरीच असतो.

कलम 17 नुसार न्यायाधिकरणापुढे, म्हणजे हा अर्ज ऐकणाऱ्या प्रांतांपुढे, वकील उभा राहत नाही. बोलायला जमत नसेल तर कलम 18 खालच्या निर्वाह अधिकाऱ्याची मदत मागा. समाज कल्याण खात्याचा अधिकारी हे काम बघतो. अर्ज लिहायला तालुका विधी सेवा समिती आहे, फोनवर विचारायचं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

आदेशानंतर 30 दिवसांत रक्कम जमा व्हायला हवी. दोन महिने पैसे येतात आणि मग थांबतात, हे नेहमीचं. थकलेल्या हप्त्याच्या देय तारखेपासून 3 महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्या. तो उशिरा दिला तर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही.

राहता राहिलं बक्षीसपत्र, आणि कोकणात खरी मेख इथेच आहे. घर-बाग मुलाच्या नावे करून दिली आणि नंतर तो बघत नाही, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं, हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये नेमकं हेच म्हटलं. जानेवारी 2025 च्या निकालात मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं वचन धरलं गेलं आणि मालमत्ता आईला परत मिळाली. तेव्हा दस्त लिहिणाऱ्याने "प्रेमापोटी व मायेपोटी" एवढंच टंकलं असेल तर सही करू नका. पुढचं वाक्य घालून घ्या:

"घेणार यांनी देणार यांना हयातभर अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व देखभाल पुरवावी, या अटीवर ही मिळकत दिली आहे, अट मोडल्यास देणार यांना हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा अधिकार राहील."

दस्त झालाय आणि अट नाही, तरी मुलाची त्या काळातली पत्रं, मेसेज, शंभरच्या स्टॅम्पवरचं एखादं लिहून दिलेलं शोधा. मृत्युपत्राला यातलं काहीच लागत नाही, ते हयातीत कधीही बदलता येतं.

रद्दचा आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक आणि तलाठी, दोघांकडे द्या आणि पोच घ्या. फेरफार झाला नाही तर 7/12 वर मुलाचंच नाव राहतं, आणि गिऱ्हाईक तेच नाव बघून येतं.