बायबलमधले देवदूत ओळखताना या चुका टाळा

ऐन वेळी धावून आलेल्या माणसाला आपण सहज ‘देवदूत’ म्हणतो, आणि चित्र काढायची वेळ आली की त्याला पंख लावतो. बायबल उघडताना ते पंख आधी बाजूला ठेवा. पंखांचं वर्णन येतं ते करूब आणि सराफीम या स्वर्गीय प्राण्यांचं: यशया संदेष्ट्याला दिसलेल्या सराफीमांना सहा-सहा, यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातल्या करूबांना चार-चार. निरोप घेऊन दारात येणारा मात्र बहुतेकदा चारचौघांसारखा असतो. मम्रेच्या राईत भर उन्हात इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम याला दिसले ते ‘तीन पुरुष’. त्याने पाय धुवायला पाणी दिलं, बायको साराला भाकरी करायला सांगितलं, वासरू रांधून वाढलं. पाहुणे जेवलेही.

पण म्हणून ‘जेवला तर दूत’ अशी खूण धरू नका. बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात सरा गावच्या मानोहाच्या घरी उलटंच घडतं. मला हा अध्याय फार प्रिय आहे, आणि तो घाईघाईने वाचला जातो याचं वाईट वाटतं. दूत आधी भेटतो मानोहाच्या बायकोला. तिचं नाव कुठेच दिलेलं नाही. ‘देवाचा माणूस आला होता, दिसायला देवदूतासारखा, पाहून भीती वाटावी असा,’ असं ती नवऱ्याला सांगते. त्याचं नावगाव तिने विचारलेलं नसतं. दूत पुन्हा येतो तोही तिच्याकडेच, शेतात. ती धावत जाऊन नवऱ्याला बोलावून आणते. मानोहा करडू रांधायची तयारी दाखवतो, पाहुणा जेवायला नकार देतो. नाव विचारलं तर तेही सांगत नाही. मग मानोहा देवाला अर्पण करतो; वेदीवरच्या ज्वाळेतून पाहुणा वर जातो तेव्हा कुठे तो कोण हे मानोहाला उमगतं, आणि मानोहा घाबरून म्हणतो, आता आपण मरणार! बायको शांतपणे समजावते: मारायचंच असतं तर देवाने आपलं अर्पण स्वीकारलं असतं का?

‘परमेश्वराचा दूत’ हे शब्द आपल्याला सुरुवातीलाच वाचायला मिळतात, मानोहाला मिळत नाहीत. आपल्याला ठाऊक आहे म्हणून त्यालाही ठाऊक असणार, असं धरून वाचलं की ही गोष्ट हातातून निसटते.

शब्दानेही फसगत होते. हिब्रू ‘मलाख’ म्हणजे निरोप्या, मग तो स्वर्गातला असो की घरचा गडी. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, 32व्या अध्यायात अब्राहामाचा नातू याकोब याला देवाचे दूत भेटतात, आणि लगेच तो स्वतः आपला भाऊ एसाव याच्याकडे दूत पाठवतो. दोन्हीकडे शब्द तोच. हग्गय तर हाडामासाचा संदेष्टा, त्यालाही परमेश्वराचा दूत म्हटलंय. म्हणून कोणी पाठवलं आणि निरोप काय, हे आधी पाहा.

शास्ते पुस्तकातल्याच गिदोन या पुढाऱ्याच्या गोष्टीत बोलणारा कधी ‘परमेश्वराचा दूत’ असतो, तर कधी थेट ‘परमेश्वर’. तिथे ओढूनताणून एकच उत्तर काढू नका; मजकुरानेच ती सीमा धूसर ठेवली आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मात्र शंकेला जागा नाही. ते दर्शन पाहणारा योहान दूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा दूतच त्याला अडवून देवाला नमन करायला सांगतो.

येशूच्या रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना कोण भेटलं, हे येशूचं चरित्र लिहिणारे तिघे वेगवेगळं सांगतात: मार्क पांढऱ्या झग्यातला तरुण दाखवतो, मत्तय देवदूत म्हणतो, लूक लखलखत्या वस्त्रांतले दोन पुरुष. विसंगती म्हणून हे बाजूला सारण्याआधी लूकचाच 24वा अध्याय थोडा पुढे वाचा. अम्माऊस गावच्या वाटेवरचे येशूचे दोघे शिष्य त्याच सकाळची हकीकत सांगताना म्हणतात: स्त्रियांना देवदूतांचं दर्शन झालं.