ओढ्यावर दगड रचण्याआधी मेंढपाळांच्या वाड्यावर जा

सुपे-बारामतीकडच्या माळावर ओढा आणि त्याच्या काठचं ओलं गवत परत आणायचं असेल, तर पहिलं काम दिवाळीआधीचं आहे: मेंढपाळांशी बोला. दिवाळी झाली की वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, कोकणात उतरतात, मृग तोंडावर आला की परततात. मधल्या काळात माळ मोकळा असतो, म्हणून आपण खुशाल कामाला लागतो. कोंब वर यायला आणि कळप परतायला एकच गाठ पडते. गेल्या वेळी बोटभर आलेलं मारवेल गवत असंच साफ झालं. मेंढ्यांचा काय दोष? रान त्यांचंही आहे, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दिवाळीआधी बोला.

गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या, वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगी. पहार, घमेली, सुतळी हे सांगायला नको.

दगड पहारीनेच उलटा, थेट हात घालू नका. खाली फुरसं असतं. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की जागीच थांबा. खड्यांसारखीच दिसणारी तिची ठिपक्यांची अंडी पायाशी असतील. तिथलं काम पिल्लं निघून जाईपर्यंत सोडा.

ओढ्यात आडवा रचायचा दगडी बांध गुडघ्याएवढाच. मोठे दगड बाहेर, बारीक आत, टोकं दोन्ही काठांत हातभर रुतवलेली. मध्य खोलगट हवाच. तो उंच राहिला तर पाणी बगलेने काठ कापतं आणि घळ होती त्याहून रुंद होते. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्याचा माथा एका पातळीत. जेसीबी नको म्हणजे नको! तळ खोल गेला की काठची ओल निथळून जाते, आणि सगळा खटाटोप त्या ओलीसाठीच आहे.

झाडंही लावू नका, गिरिपुष्प तर मुळीच नाही. चिंकारा, खोकड, धाविक पक्षी यांना उघडं गवताळ रानच लागतं.

ओलीत मारवेल, उतारावर पवन्या गवत. बी शेणमातीत कालवून पहिल्या पावसाआधी टाका. बी गळेपर्यंत कुठला तुकडा राखायचा, हे वाड्यातल्या जाणत्यांना ठरवू द्या. तेही दिवाळीआधीच! पाण्यावर उतरायला एका बाजूने वाट मोकळी ठेवा, नाहीतर कळप बांधावरूनच उतरेल. वाडे परतले की पुन्हा जाऊन राखलेली जागा दाखवा. दिवाळीआधी ठरलेलं जूनपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

मोठ्या पावसानंतर निसटलेले दगड लावा. कापणी बी गळल्यावर. गाळ भरला की वर आणखी एक थर.