कमर्शियल रियल इस्टेटच्या लीगलमध्ये येताय? आधी फेरफार वाचायला शिका

एलएलबी झाल्या झाल्या मुलं विचारतात, ताई कमर्शियलमध्ये यायचंय, कुठून सुरुवात करू. खराडी-बाणेरच्या काचेच्या बिल्डिंगा बघून सगळ्यांना लीजिंगच करायचं असतं. लॉक-इन, एस्कलेशन, वॉर्म शेल, फिट-आउट पिरियड, हे शब्द फेकायला भारी वाटतं, मलाही वाटायचं. जा की, दोन-चार चांगले ड्राफ्ट नीट वाचलेत तर सहा महिन्यांत येतं ते. मी लिहितेय ते जमिनीबद्दल, कारण मी तिथे आपटले.

तेव्हा मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. पुण्याच्या पूर्वेला दोन एकर दहा गुंठे, रोडटच, ऑफिस बिल्डिंगसाठी एकदम परफेक्ट. टायटलचं काम, म्हणजे मालकी स्वच्छ आहे का ते तपासणं, माझ्याकडे आलं आणि मी हवेत. तीस वर्षांचा सर्च काढला, क्लीन. पेपरात जाहीर नोटीस दिली, चौदा दिवसांत एक हरकत नाही. सातबारा डिजिटल सहीचा, वर भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला सरकारी बंधन नाही) असं स्वच्छ छापलेलं. मी मेल टाकला, टायटल क्लिअर. विसार दिला गेला.

मग आमच्याकडे अधूनमधून येणारे एक निवृत्त मंडल अधिकारी होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी फाइल उलटसुलट केली, सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारच्या फेरफार नंबरवर (फेरफार म्हणजे नाव किंवा हक्क कशामुळे बदलला त्याची नोंद) बोट ठेवलं आणि विचारलं, "पोरी, हा कशावरून पडला ते पाहिलंस का? आणि त्याच्या मागचा?" मी म्हटलं, काका, तीस वर्षं झालीत बघून. ते हसले नाहीत. तेव्हाच पोटात गोळा आला.

पुढच्या आठवड्यात तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये १९६० च्या दशकातला हाताने लिहिलेला फेरफार सापडला. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी झालेली, पण ओळ वाचता येत होती: वतन खालसा झाल्यावर कब्जेहक्काची रक्कम भरून रिग्रँट, आणि शेवटी तीन अक्षरं, न. अ. श. म्हणजे नवीन अविभाज्य शर्त. वतन म्हणजे गावच्या चाकरीबद्दल मिळालेली जमीन. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याखाली परत दिलेली जमीन, कलेक्टरच्या परवानगीशिवाय ऑफिस बिल्डिंगसाठी विकताच येत नाही. ही वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन. मग छापील सातबाऱ्यावर वर्ग १ कसा? सातबारा दर काही वर्षांनी नव्याने लिहिला जायचा, त्यात कधीतरी इतर हक्कातला शेरा खाली उतरवायचा राहिला, आणि कॉम्प्युटरवर चढवताना जे दिसलं तेच चढलं. बस.

आता नीट ऐका, इथेच नवीन पोरं फसतात. सर्च रिपोर्ट हा सब-रजिस्ट्रारकडच्या इंडेक्सचा असतो, म्हणजे रजिस्टर झालेली खरेदीखतं, गहाणखतं. वतनाची शर्त तिथे रजिस्टर होतच नाही, ती महसूल रेकॉर्डमध्ये असते. त्यामुळे सर्च तीसचा करा नाहीतर साठचा, ती दिसणारच नाही!! सध्याच्या सातबाऱ्यावरून एकेक फेरफार धरून मागे मागे जायचं, जुने हस्तलिखित सातबारे काढायचे, क-ड-ई पत्रक (जुनं महसुली रेकॉर्ड) काढायचं, गट स्कीम (तुकडे जोडून नवे गट नंबर देणं) झाली असेल तर जुना सर्व्हे नंबर कोणता ते जुळवायचं, आणि गावच्या तलाठ्याकडे (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच चालतं) गाव नमुना १-क मागायचा, कारण वर्ग २ च्या जमिनींची यादी त्यात असते. मी तो मागितलाच नव्हता. नाव ऐकलं होतं परीक्षेपुरतं.

आणि सगळे वर्ग २ सारखे नसतात हेही कळायला मला वेळ लागला. कुळकायद्याच्या कलम ४३ ची जमीन असेल, ३२-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं झाली असतील आणि घेणारा शेतकरी असेल, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर शेतसाऱ्याच्या आकारणीच्या चाळीस पट भरून विकता येते, म्हणजे किरकोळ रक्कम. वतनाच्या जमिनीचा नजराणा (परवानगीसाठी सरकारला भरायची रक्कम) मात्र बाजारभावाच्या टक्क्यात. आमच्या डीलचं गणित तिथेच कोसळलं. विसार तुकड्या-तुकड्याने परत यायला दीड वर्ष लागलं. माझं इन्क्रिमेंट गेलं ते वेगळंच.

काही जण म्हणतील, बांधून तर झालं असतं ना. पूर्वी चाललं असतं कदाचित, ऑफिसं सुट्टी सुट्टी विकून बिल्डर मोकळा व्हायचा. एप्रिल २०१९ ला एम्बसीचा देशातला पहिला रीट (भाड्याच्या इमारती मालकीत ठेवणारा, शेअर बाजारात युनिट असणारा ट्रस्ट) लिस्ट झाला, मग २०२० ला माइंडस्पेस, २०२१ ला ब्रुकफील्ड. आता अख्खी बिल्डिंग भाड्याने लावायची आणि नंतर फंडाला किंवा रीटला द्यायची असा खेळ आहे. त्यामुळे टायटल बँक बघते, मोठा भाडेकरू बघतो, आणि शेवटी फंडाचे वकील तर कुदळ-फावडं घेऊनच येतात. तेव्हा वर्ग २ निघाला तर वर बारा मजले उभे असतात.

बाकीचं पटकन सांगते. "आपण फक्त भाड्याने देणार, रेरा नाही लागत" (रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा) हे बहुतेक वेळा बरोबर, पण ९९९ वर्षांचं लीज करून भाडं म्हणू नका, लवासाच्या प्रकरणात २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिथे रेरा लावलाय. बांधकाम वीस हजार चौरस मीटरला पोचलं की पर्यावरण मंजुरी. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात.

मेंटॉरबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. लिंक्डइनवर रीलसारखं शिकवणारे सोडा, एखादा निवृत्त अव्वल कारकून किंवा मंडल अधिकारी गाठा, चहा पाजा, त्यांच्याबरोबर रेकॉर्ड रूमला जा. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या सातबाऱ्यावर मत देऊ नका, कितीही घाई असो.

घाबरवत नाहीये. मी एवढं करूनही याच फील्डमध्ये आहे, आणि जुने फेरफार वाचायची आता मजा येते. चुका होतील, मोठ्या होतील, पण लपवू नका, मी न. अ. श. दिसल्या दिवशीच साहेबांना फोन केला होता म्हणून नोकरी टिकली. आणि हो, नकलेचा अर्ज सकाळीच टाका, जेवणानंतर रेकॉर्डवाला जागेवर सापडेलच असं नाही.